बाहुल्यांखालचा लॅपटॉप

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मोठी ट्रंक पुढे ओढायला गेले, तर ट्रंक हातात आली आणि तिचा तळ जमिनीवरच राहिला. गंजून पार चाळणी झाली होती. आमच्या घरी नवरात्रात बाहुल्या मांडतात. त्यांची सगळ्यांत खालची पायरी माझ्या लग्नापासून त्याच ट्रंकेवर उभी राहत आली होती. आता ऐन वेळी दुसरी कुठून आणायची?

या पायऱ्या काही सुताराने केलेल्या नसतात. ट्रंका, डबे, पाट, जाड पुस्तकं, घरात जे सपाट सापडेल ते एकावर एक रचायचं आणि वरून यांचं पांढरं धोतर ताणून बसवायचं, की झाला राजवाडा. मी खाटेखालून टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या काढल्या. म्हैसूरच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून माझा जन्म गेला. निवृत्त झाले तेव्हा या डिरेक्टऱ्या रद्दीत चालल्या होत्या, मला बघवेना म्हणून रिक्षात घालून आणल्या होत्या. त्या रचल्या तरी एका बाजूला चार बोटं कमी पडत होती. कपाटात नंजूचा लॅपटॉप दिसला, काळ्या पिशवीत घातलेला. तो आडवा सरकवला तर असा नेमका बसला, की पायरी हलेना की डुलेना. त्यावर पाट, पाटावर धोतर. मग पट्टाचे, म्हणजे मानाचे राजा-राणी, दशावतार, वरातीतले वाजंत्री, आणि खालच्या पायरीवर वाणी आणि त्याची बायको. वाण्यापुढे वाटीवाटीने तांदूळ, डाळ, गूळ मांडून मी हात झटकले. माझं मलाच कौतुक वाटलं.

नंजू म्हणजे माझा मुलगा नंजुंड. कॅनडात कॅलगरीला असतो. तो लॅपटॉप त्याच्या कॉलेजातला. परदेशी जाताना म्हणाला, "राहू दे अम्मा इथेच," आणि तो राहिला. त्यानंतर तो कोणी वापरला नाही. फक्त दर आयुधपूजेला मी तो बाहेर काढायची. शिवणयंत्र, मिक्सर, विळी, यांची सायकल असेपर्यंत सायकल, आणि त्या रांगेत शेवटी हा. झाकण उघडून ठेवायचं, गंध, कुंकू, शेवंतीची फुलं, अक्षता. हे होते तोवर मंत्र हेच म्हणायचे. हे गेल्यावर मला येतात तेवढे मी म्हणते. दुसऱ्या दिवशी फुलं काढायची, ओल्या फडक्याने पुसायचं, परत पिशवीत. वापरात नसलेल्या वस्तूची कसली पूजा, असं मला कधी वाटलं नाही. मुलाचं हत्यार होतं ते.

बाहुल्या मांडल्या त्याच्या तिसऱ्या संध्याकाळी फोन वाजला. रविवार नव्हता. नंजूचा फोन रविवारी येतो. आडवारी आला की मी आधी देवाकडे बघते आणि मग हात पुढे करते.

"अम्मा, माझा जुना लॅपटॉप आहे ना अजून?"

"आहे की."

"कुठे आहे?"

"बाहुल्यांखाली."

"कशाखाली?"

मी ट्रंकेची कथा सांगितली. मग त्याने त्याची सांगितली. त्याच्या कॉलेजचे मित्र टोरांटोला जमणार होते, सगळे चाळिशी ओलांडलेले. फोटो दाखवायचे ठरले होते. त्या काळात कॅमेरा एकट्या नंजूकडे होता आणि सगळे फोटो त्या लॅपटॉपमध्ये. दुसरीकडे कुठे काढून ठेवले नव्हते.

"पिशवी ओढून काढ ना, अम्मा. एका मिनिटाचं काम."

"मांडलेल्या बाहुल्या हलवत नाहीत. विसरलास?"

"मग कधी?"

"दशमीच्या रात्री त्यांना झोपवायचं, दुसऱ्या दिवशी उतरवायचं. मग काढते."

"अगं, चामुंडेश्वरीला चालेल तेवढं."

"तिला चालेल रे. तुझ्या अज्जीला चालायचं नाही."

"अज्जी जाऊन किती वर्षं झाली."

"म्हणून काय झालं?"

तो हसला. त्याचं हसू मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं. फोनवर माणूस हसतो तेव्हा आधी श्वास येतो, मग आवाज. ऑपरेटरच्या कानाला ते कळतं. रविवारच्या फोनमध्ये श्वास असतो, आवाज नसतो. गोळ्या घेतल्यास का, पाऊस आहे का, पाणी येतं का नळाला, बरं ठेवतो. ट्रंक कॉलच्या दिवसांत तीन मिनिटं झाली की आम्ही मध्ये बोलायचो, वेळ संपली, वाढवायची का म्हणून. कितीतरी माणसं काकुळतीने म्हणायची, वाढवा, वाढवा. नंजूच्या फोनमध्ये मध्ये बोलायला कोणी लागत नाही. तो आपला आपण संपतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवा लावत होते तर पुन्हा फोन. त्यांच्याकडे सकाळ, कॉफी उकळत होती.

"सहज केला, अम्मा. त्या पायरीवर वजन किती आहे गं? लॅपटॉप चेपायचा नाही ना?"

"वाणी आणि वाणीण आहेत."

"दाखव बघू."

मी फोन फिरवून दाखवला. कॅमेरा माझ्या हातात नीट राहत नाही, त्याला आधी छत दिसलं, मग माझा पाय, मग बाहुल्या. तेवढ्यात मागून माझी नात शार्वी आली, हातात टोस्ट. ती आमची भाषा बोलते, पण गरम बटाटा तोंडात घेतल्यासारखी.

"अज्जी, तो माणूस एवढा जाड का आहे?"

"वाणी आहे तो, बाळ. दुकानात दिवसभर बसून असतो."

"अप्पा पण दिवसभर बसून असतो."

"मग लक्ष ठेव त्याच्यावर."

"अम्मा, माझ्या घरात भांडण लावू नकोस," नंजू म्हणाला, आणि पुन्हा तो आवाज असलेलं हसू. मग विचारलं, वाजंत्र्यांतला एक ढोलकीवाला होता, त्याचा हात लहानपणी मी मोडला होता, तो आहे का अजून? मी म्हटलं, आहे, डिंकाने चिकटवलेल्या हातानेच वाजवतो आहे. आणि अप्पा चिडले होते का तेव्हा? नाही रे, अप्पांनीच चिकटवला, तुझ्या अज्जीला कळू न देता. हे त्याला माहीत नव्हतं. कॉफी उतू गेली म्हणून फोन ठेवावा लागला.

तेव्हापासून रोज. दिवा लावला की फोन. सुरुवात लॅपटॉपने व्हायची, चार्जर सापडला का, पिशवीच्या पुढच्या कप्प्यात बघ, आणि मग बोलणं कुठेतरी भलतीकडे जायचं.

समोरच्या विशालाक्षीच्या हे लक्षात न येईल तर ती विशालाक्षी कसली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आली आणि चण्याची उसळ खाता खाता म्हणाली, "मंगळक्का, रोज फोन येतो मुलाचा. नोकरी गेली की काय त्याची?"

"आहे नोकरी."

"मग बायकोशी बिनसलं असेल."

"लॅपटॉप हवाय त्याला जुना. या बाहुल्यांखाली अडकलाय."

"एवढंच ना? माझ्या भाच्याला पाठवते. तो एका बाजूने पायरी उचलून धरेल, तुम्ही पिशवी ओढा. राणीसाहेबांची मान देखील हलणार नाही."

"मांडलेलं हलवत नाहीत गं."

"मागच्या वर्षी मांजर शिरलं तेव्हा अख्खी खालची रांग हलवली होती तुम्ही. मी होते इथे."

"उसळ घे अजून," मी म्हटलं.

पूर्वी या नऊ संध्याकाळी आमच्या चामुंडीपुरमच्या गल्लीत पोरांच्या टोळ्या फिरायच्या. "अम्मा, बाहुल्या बसवल्यात का?" म्हणत दारात यायच्या, बाहुल्यांकडे एकदा बघून न बघितल्यासारखं करायच्या आणि खाऊसाठी हात पुढे. त्यांच्या खिशातच चिवड्यात लाडू मिसळलेला असायचा. आता दोन-तीन घरांतली मुलं येतात, तीही आयांनी ढकललेली. केलेली उसळ मी दुसऱ्या दिवशी सकाळी खाते. पण यंदा मला त्याचं फारसं वाटलं नाही. रीत ती रीत. ती मी कधी मोडली नाही, मांजराची गोष्ट वेगळी. मात्र यंदाच्याइतकी ती मला कधी आवडली नव्हती, हेही खरं.

दशमीच्या रात्री राणीला आडवं केलं. दुसऱ्या दिवशी जुन्या साड्यांच्या चिंध्यांत एकेकाला गुंडाळून डब्यांत ठेवलं आणि पिशवी ओढली. संध्याकाळी फोन आला तेव्हा मी लॅपटॉप टेबलावर मांडून, वायर जोडून तयार बसले होते.

"दाब आता बटन," नंजू म्हणाला.

दाबलं. एक दिवा लागला. आतून कोणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज आला, पडदा किंचित उजळला, आणि सगळं थंड.

"पुन्हा. दाबून धर. सोडू नकोस. मी सांगतो."

मी दाबून धरलं. तो पलीकडून आकडे मोजत होता, मी इकडे बोट पांढरं होईपर्यंत धरून. पुन्हा तेच. वायर काढून बघ, बॅटरी काढून बघ, उलटा कर, खाली दोन खटके आहेत ते सरकव. मी सगळं केलं. माझ्याकडून मोटार दुरुस्त करून घेतली असती तरी मी केली असती. शेवटी तो म्हणाला, "अम्मा, मला निघायला हवं. दुकानात दे कुठे तरी. शनिवारी आम्ही जमतोय, त्याच्या आत झालं तर बरं."

"होईल," मी म्हटलं.

अग्रहार चौकाच्या मागे पुट्टराजूचं दुकान आहे. पूर्वी तिथे त्याचा एसटीडी बूथ होता, मग इंटरनेट कॅफे झाला, आता अर्ध्या भिंतीवर मोबाइलची कव्हरं आणि अर्ध्यावर लॅपटॉप. बूथची काचेची खोली अजून तशीच आहे. तिच्यात आता मेलेली यंत्रं छतापर्यंत रचली आहेत.

"अम्मा, तुम्ही एक्स्चेंजमध्ये होता? मग तुमच्याशी माझं भांडण आहे. माझ्या बूथला लाइन द्यायला दोन वर्षं लावली तुमच्या लोकांनी."

"मी ट्रंक बोर्डावर होते. लाइन देणारे वरच्या मजल्यावर."

"तेव्हाही सगळे हेच सांगायचे. मी वरच्या मजल्यावर गेलो की म्हणायचे, खालच्या मजल्यावर."

बोलता बोलता त्याने लॅपटॉप पालथा घातला आणि स्क्रू काढायला लागला. काढलेले स्क्रू तो इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवत होता, एकेका जागेचे एकेका खळग्यात. बॅटरी फुगली होती, ती त्याने लांब ठेवली. म्हणाला, ही नको, वायरीवरच चालवू. मग खालचं झाकण उचललं आणि थांबला.

"हे काय आहे?"

मी चष्मा लावून वाकले. आत पिवळे तांदूळ होते. फटीफटीतून गेलेले, कोपऱ्यांत साचलेले, वाळलेल्या शेवंतीच्या पाकळ्यांचा चुरा, आणि सगळ्यावर कुंकवाची लाली. एक छोटा पंखा होता, त्याच्या पात्यांत दाणे गच्च बसले होते.

"अम्मा, हा लॅपटॉप आहे की लग्नाचा मांडव?"

"आयुधपूजेच्या अक्षता आहेत."

"तरीच. पंखा फिरत नाही म्हणून हा घाबरून बंद पडतो. दर वर्षी टाकत होता?"

"दर वर्षी."

"आणि चालू कधी केला होता?"

"चालू नाही केला."

तो ब्रश शोधायला लागला. "मीही टाकतो अक्षता," जरा वेळाने म्हणाला, "सगळ्या दुकानावर टाकतो. पण झाकणं मिटून."

वर्तमानपत्र पसरून त्याने लॅपटॉप त्यावर हलक्या हाताने आपटला. दाणे टपटप पडले. काही अजून हळदीचे पिवळे, काही पांढरे पडलेले, काही कीड लागून पोकळ. तो कागद चुरगळायला निघाला तेव्हा मी घेतला आणि दाणे रुमालात बांधले. अक्षता पायदळी जाऊ देत नाहीत. त्यांतले काही यांनी टाकलेले होते. कुठले ते ओळखू येत नव्हते. घरी आल्यावर ते सगळेच जास्वंदीच्या मुळाशी टाकले.

मी दुकानातून निघाले तेव्हा पुट्टराजू म्हणाला, "सुरू होईल असं वाटतं. मेमरीच्या पट्ट्या रबराने घासतो, आतली छोटी बॅटरी बदलतो. पासवर्ड?"

"मला नाही माहीत. मुलाला माहीत."

"मग त्याचा नंबर लिहून ठेवा. लागला तर विचारीन."

मी लिहून दिला. कॅनडाचा नंबर मला पाठ आहे, बोटं आपोआप लिहितात.

त्या संध्याकाळी नंजूला तांदळाची गोष्ट सांगितली तेव्हा तो इतका हसला की रूपश्री, माझी सून, काय झालं म्हणून बघायला आली. "आशीर्वाद देऊन मारलंस तू त्याला, अम्मा," तो म्हणाला. सुनेला सांगितलं, तिला पटेना, तिने फोन घेऊन मलाच विचारलं. तिच्याशीही चांगलं बोलणं झालं. फोन ठेवला आणि मग मला विचार करायला वेळ मिळाला.

लॅपटॉप सुरू झाला की हे फोन थांबणार होते. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी काही दूधखुळी नाही. पण त्याच्या आधी एक फोन माझ्या हक्काचा होता. सुरू झाला, हे मी त्याला सांगणार होते. मी त्याला कधी आपणहून फोन करत नाही. दिवसा तो कामात, रात्री दमलेला. पण या वेळी करणार होते, माझ्या सकाळी, म्हणजे त्याच्या रात्री, शार्वी झोपल्यावर. तेव्हा कॉफी उकळत नसते, ऑफिसला निघायचं नसतं. पुट्टराजूकडून फोटो उघडायचे कसे ते शिकून घ्यायचं, घरी टेबलावर लॅपटॉप ठेवायचा, शेजारी फोन उभा करायचा आणि एकेक फोटो काढून विचारायचं, हा कोण, तो कोण, हे कुठलं. ती सगळी पोरं माझ्या घरी जेवलेली होती. वसतिगृहातल्या सांबाराला कंटाळून रविवारी नंजूबरोबर यायची, भाताचं पातेलं खरवडून जायची. मला त्यांचे चेहरे आठवत होते आणि नावं एकमेकांत मिसळली होती. नावं विचारता विचारता तासभर सहज गेला असता. त्याला वाढवा म्हणायची गरज पडली नसती.

टेबल मी आवरून ठेवलं. त्यावरची औषधं, पंचांग, विजेची बिलं उचलून खिडकीत ठेवली. भिंतीतल्या प्लगापर्यंत वायर पुरेना, म्हणून टेबलच सरकवलं. एकटीने सरकवलं, त्याचा कर्रकर्र आवाज ऐकून विशालाक्षीने समोरून विचारलं, "मंगळक्का, घर बदलताय का?"

पुट्टराजूचा फोन दुपारी आला. "या अम्मा, झालं तुमचं काम."

मी बरी साडी नेसले. कशासाठी ते मला सांगता येणार नाही.

दुकानात लॅपटॉप उघडा ठेवला होता आणि त्याचा पंखा गुणगुणत होता. पुट्टराजू खूश होता. "काल संध्याकाळीच सुरू झाला. सकाळी तुमच्या मुलाला पासवर्डसाठी फोन केला. अम्मा, काय मोठ्या मनाचा माणूस आहे हो. मी म्हटलं, थेट तुम्हालाच पाठवतो सगळं इंटरनेटवरून, अम्मांना कशाला त्रास. तो तिकडे बघतोय, मी इकडे बघतोय, एकेक फोटो. तास-दीड तास कसा गेला कळलं नाही. त्यांची रात्र होती ना, निवांत होता. मुलगी झोपली होती."

मी स्टुलावर बसले.

"पाठवलेत सगळे?"

"सगळे मिळाले त्याला. हे बघा, दाखवतो तुम्हाला."

त्याने दाखवले. धबधब्याखाली उघडी पोरं, बसच्या टपावर पोरं, कोणाच्या तरी वाढदिवसाला तोंडाला केक फासलेली पोरं. पुट्टराजूला सगळ्यांची नावं येत होती. "हा कीर्ती, आता दुबईला आहे, दोनदा लग्न झालं. हा चेन्नबसव. हा शिवनसमुद्रला पाण्यात पडला होता, तुमच्या मुलाने केसाला धरून ओढला. घरी सांगितलं नव्हतं त्याने, अम्मा रागावेल म्हणून. आज मला सांगताना डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

"असं," मी म्हटलं.

"आणि हा बघा. हा तुमच्याच घरातला."

आमचीच जेवणाची खोली. खाली पंगत, पाच-सहा डोकी ताटावर वाकलेली, नंजू कॅमेऱ्यामागे असणार. डावीकडून एक हात आत आलेला, पळीतून सार वाढणारा. मनगटावर हिरव्या बांगड्या, अंगठ्याजवळ तेलाच्या भाजल्याचा डाग. बाकीची मी फोटोच्या बाहेर.

"मी विचारलं हा हात कोणाचा," पुट्टराजू म्हणाला, "तर म्हणाला, आमच्या अम्माचा. मग म्हणाला, हा सगळ्यांत शेवटी दाखवणार मी टोरांटोला."

मी माझा हात पदराखाली घेतला. पुट्टराजूला चहा पाजायचा होता, मी नको म्हटलं. त्याचे पैसे दिले. तो म्हणाला, "तुमचा मुलगा म्हणत होता, लॅपटॉप कोणाला तरी देऊन टाका. माझ्याकडे ठेवा हवा तर, शाळेच्या पोराला कामाला येईल." मी म्हटलं, बघते, आणि पिशवी खांद्याला लावून घरी आले.

संध्याकाळी दिवा लावला आणि आवरलेल्या टेबलापाशी बसले. समोर विशालाक्षीच्या घरी टीव्ही चालू होता. फोनने एकदा टिंग केलं. मेसेज होता. अम्मा, फोटो सगळे मिळाले. तू फार धावपळ केलीस. पुट्टराजू चांगला माणूस आहे. आज सकाळी लवकर मीटिंग आहे, रविवारी नक्की बोलतो. मी बरं असं लिहिलं. अजून काय लिहावं याचा विचार केला, मग तेवढंच पाठवलं.

त्याच्यावर राग धरायला जागा नव्हती. पुट्टराजूवरही नव्हती. नंबर मीच लिहून दिला होता.

मग मी लॅपटॉप पिशवीतून काढला, वायर जोडली, बटन दाबलं. खाकरणं नाही, काही नाही. पंखा हळूच फिरायला लागला आणि पडदा निळा झाला. मधोमध इंग्रजीत नंजुंड असं नाव आलं. वर एका गोलात त्याचा फोटो, गाल बसलेले, मिशी नुकती फुटलेली. खाली एक रिकामी चौकट आणि तिच्यात उघडमीट करणारी एक रेघ. इथे पासवर्ड लिहायचा. तो नंजूला माहीत होता आणि पुट्टराजूला माहीत होता. कोणालाही विचारला असता तरी लगेच सांगितला असता.

मी विचारला नाही. आत काय आहे ते बघून झालं होतं. घरात पंख्याचा बारीक आवाज होता, दुसरं माणूस शेजारच्या खोलीत काहीतरी करत असावं तसा. थोड्या वेळाने पडदा आपोआप मंद झाला आणि मग काळा. मी एका बटनाला बोट लावलं. पुन्हा निळं झालं, पुन्हा त्याचं नाव आलं. जेवायची वेळ झाली, टळली. पडदा काळा झाला की मी बोट लावत होते.